तपासणी बाकी

शनिवारी सकाळी साडेसातला गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात उभा होता आणि दिनानाथ खांबेटे त्याच्याकडे ओळखपत्र मागत होते.

"काका, कोड सांगा ना. खाली गाडी उभी आहे."

"कोड म्हणजेच ओटीपी. ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो."

"मला सांगायचा असतो."

"असं प्रत्येक जण म्हणतो," दिनानाथ म्हणाले.

गॅसवाल्याने सिलिंडर पुन्हा खांद्यावर घेतला आणि तो लिफ्टकडे निघाला. तेवढ्यात बेसनाने माखलेले हात घेऊन मीनाताई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि कोडचे चारही आकडे अशा खणखणीत आवाजात वाचले की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. सिलिंडर घरात आला.

"झालं. आता अख्ख्या बी विंगला कळला," दिनानाथ म्हणाले.

"कळू दे. आता त्या कोडने कोणाला काडेपेटीसुद्धा मिळायची नाही."

हे सगळं सुरू झालं होतं शुक्रवारी संध्याकाळी. खारघरच्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'आपला मोबाईल, आपली सुरक्षा' या विषयावर श्रुती नावाच्या एका तरुण बाईंचं व्याख्यान झालं. बाकीचे लोक शेवटी मिळणाऱ्या बटाटेवड्यासाठी आले होते. दिनानाथ वही घेऊन आले होते. त्यांनी अकरा प्रश्न विचारले. अकराव्या प्रश्नानंतर श्रुती मॅडम त्यांच्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाल्या, "काका, खरं सांगू का, हा फोन कोणी चोरणार नाही." हॉलमधले लोक हसले. दिनानाथ हसले नाहीत. चोर नेमका अशाच भ्रमाचा फायदा घेतो, असं त्यांनी वहीत लिहून घेतलं.

दिनानाथ एकतीस वर्षं तळोज्याच्या एका पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्या एकतीस वर्षांत त्यांच्या स्टोअरमधून एक वॉशर चोरीला गेला नाही. कामगार म्हणत, चोरीला जाणार कसा, जो हक्काने मागायला जातो त्यालाही मिळत नाही. स्टोअरमधल्या प्रत्येक वस्तूवर दिनानाथांच्या वळणदार अक्षरात लेबल असे. नुकत्याच आलेल्या मालावर पिवळं लेबल, 'तपासणी बाकी'. कारखान्याबाहेर कायमच्या जाणाऱ्या मालाला 'नॉन-रिटर्नेबल'. आणि जो भाग कुठल्याच मशीनला लागत नाही, पण भंगारात द्यायलाही जीव होत नाही, त्याच्यासाठी त्यांनी स्वतः एक निळं लेबल शोधून काढलं होतं, 'वापरात नाही, पण टाकू नये'. या शेवटच्या लेबलाचं त्यांना फार कौतुक होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी घरी आलेल्या पाहुण्यांना ते त्याबद्दल सांगत, आणि मीनाताई तेवढ्या वेळात आत जाऊन चहा करून येत.

एकतीस वर्षांत त्यांनी एक नियम कधी मोडला नव्हता. माल लेबल वाचून द्यायचा. खोकं उघडून आत काय आहे ते बघत बसायचं नाही, कारण मग लेबलाला अर्थ काय राहिला?

तर व्याख्यानात श्रुती मॅडमनी सांगितलं होतं की फोनमध्ये नंबर साठवताना 'बायको', 'घर', 'मुलगा' अशी नावं देऊ नका. चोराच्या हाती फोन पडला तर तो थेट घरच्यांनाच गंडा घालतो. गॅसचं प्रकरण मिटल्यावर दिनानाथ डायनिंग टेबलापाशी बसले आणि त्यांनी सगळ्या नातेवाईकांना स्टोअरची नावं द्यायला घेतली. कोण म्हणजे काय, ते त्यांनी रजिस्टरमध्ये नोंदवलं.

मेहुणा राजवर्धन तीन वर्षांपूर्वी ड्रिल मशीन घेऊन गेला होता. त्याच्या नावापुढे लिहिलं, 'गेलेला, परत यायचा'. एकुलता एक मुलगा अभिराम, वय एकोणतीस, झाला 'अर्धवट तयार'.

"आणि मी काय आहे?" लाडू वळता वळता मीनाताईंनी विचारलं.

"ते गोपनीय आहे."

"माझंच नाव मला गोपनीय?"

"तुझ्याच भल्यासाठी," दिनानाथ म्हणाले.

मग त्यांनी फोनला आणि ईमेलला एकच एकोणीस अक्षरांचा पासवर्ड दिला. अंगठ्याने फोन उघडायची सोय बंद केली, कारण झोपलेल्या माणसाचा अंगठा कोणीही वापरू शकतो. समोरचा कॅमेरा झाकायला मीनाताईंच्या पाकिटातली एक लाल टिकली काढून त्यावर चिकटवली. पासवर्ड रजिस्टरमध्ये लिहिला, रजिस्टर टेबलाच्या खणात ठेवलं, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली अशा जागी लपवली की कोणाला स्वप्नातही सुचणार नाही. ती जागा उद्या आपल्यालाही आठवली नाही तर पंचाईत नको, म्हणून ती फोनमध्ये टिपून ठेवली.

अभिराम आंघोळ करून बाहेर आला आणि बापाचा हा उद्योग बघून दारातच थांबला.

"बाबा, उद्या बैठक आहे. लक्षात आहे ना? उद्या अकरा वाजेपर्यंत प्लीज काही करू नका."

"मी काय करतोय? फोन सुरक्षित करतोय."

"तेच. ते पण नका करू."

अभिरामची भीती वावगी नव्हती. ऐरोलीच्या त्याच्या ऑफिसातली मोनाली साबळे आणि तो, दोघांनी दोन वर्षं घरच्यांची मनं वळवण्यात घालवली होती. मोनालीचे वडील ज्ञानूशेठ साताऱ्याकडचे. विशीत वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पाठीवर गोणी वाहायला आले आणि आज तिथेच त्यांचा स्वतःचा गाळा होता. माणूस स्वाभिमानी आणि तितकाच हळवा. खांबेट्यांसारख्या नोकरदार, पुस्तकी घरात आपल्या पोरीचं कसं होणार, हा घोर त्यांना होता. महत्प्रयासाने ते तयार झाले होते आणि रविवारी सहकुटुंब खारघरला येऊन लग्नाची तारीख धरणार होते. "पप्पांना अजून वाटतं, तुमच्याकडच्यांना आमच्यात इंटरेस्टच नाही," असं मोनाली परवाच म्हणाली होती. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

दिनानाथांनाही हे समजत होतं. मुलाचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. फक्त काळजी दाखवायची त्यांची पद्धत कुलूप लावायची होती.

उद्यासाठी फळं आणायला त्यांना वाशीला जायचंच होतं. मीनाताई म्हणाल्या, "जाताच आहात तर साबळ्यांच्या गाळ्यावर डोकावून या. हा लाडवांचा डबा द्या. तेवढंच बरं दिसतं."

आता मार्केटच्या गर्दीत फोन न्यायचा कसा, हा प्रश्न आला. खिसा म्हणजे चोराला आमंत्रणच. दिनानाथांनी मांडणीवरून लाडवांच्या डब्याचाच जुळा भाऊ काढला. दोन्हींच्या झाकणांवर 'सौ. मीना दि. खांबेटे' असं कोरलेलं होतं. फोनला ओरखडे पडू नयेत म्हणून त्यांनी कपाटातल्या ब्लाऊजपीसच्या गठ्ठ्यातला एक हिरवा खण काढला. या गठ्ठ्यातले खण वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात फिरत असतात आणि कोणी ते शिवल्याचं ऐकिवात नाही. त्या खणात फोन गुंडाळून त्यांनी तो डब्यात ठेवला. आवाजावरून चोराला सुगावा लागू नये म्हणून फोन मुका केला. आणि तरीही कोणी पिशवीत हात घातलाच तर त्याला चकवायला डब्यावर कागद चिकटवून वळणदार अक्षरात लिहिलं, 'बेसन लाडू'.

खऱ्या लाडवांच्या डब्यावर काही लिहिलं नाही. त्यात चोराने नेण्यासारखं काही नव्हतं.

साडेदहाच्या सुमाराला ते ज्ञानूशेठच्या गाळ्यावर पोचले. गाळ्यावर आलेल्या गोण्यांची थप्पी लागली होती. ज्ञानूशेठ सुरीने एका गोणीची शिवण उसवून, कोपरापर्यंत हात आत घालून, अगदी तळातला कांदा काढून हातावर फिरवत होते.

"वरचं कांदं कुनीबी चांगलंच रचतं," ते गाडीवाल्याला सांगत होते, "माल तळातनं बगायचा."

दिनानाथांना हे फार आवडलं. हा माणूस आपल्या जातकुळीचा आहे, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. पण ते बोलून दाखवणं त्यांना जमलं नाही.

"या या, व्याही!" ज्ञानूशेठनी हात झटकून गादीवर जागा केली. चहा आला. "आता आलाच हाय तर बसा निवांत. काय इचारायचं, बगायचं आसंल तर मोकळ्या मनानं इचारा."

"छे छे, विचारायचं काय त्यात? तुमचं आमचं काही वेगळं आहे का?" दिनानाथ म्हणाले. सभ्य माणसाने असंच म्हणायचं असतं अशी त्यांची समजूत होती. ज्ञानूशेठचा चेहरा जरासा उतरला, पण दिनानाथांचं लक्ष पिशवीकडे होतं. चार हमाल पिशवीच्या अगदी जवळून जात होते.

निघताना त्यांनी पिशवीत हात घातला. दोन डबे लागले. एकावर लेबल नव्हतं. दुसऱ्यावर स्वच्छ अक्षरात 'बेसन लाडू' लिहिलेलं होतं. एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी लेबल वाचलं आणि माल दिला.

"हिने स्वतः केलेत," ते म्हणाले. "घरी गेल्यावर सगळ्यांनी मिळून उघडा."

घरी येऊन फळं उतरवल्यावर त्यांनी फोन काढायला डबा उघडला आणि ते खुर्चीतच बसले. आत अकरा लाडू होते.

"मीना! फोन चोरीला गेला!"

"डबा तर आहे."

"डबा आहे, फोन नाही! आत लाडू ठेवून गेलाय. म्हणजे वजन कमी झालेलं कळू नये. सराईत आहे. मोठी टोळी असणार."

मीनाताईंनी ताबडतोब आपल्या फोनवरून त्यांच्या नंबरवर फोन लावला. रिंग वाजत राहिली. "उचलत नाही तो," दिनानाथ म्हणाले. "उचलेल कसा?" मीनाताईंनी चौदा वेळा फोन लावला. अभिराम लॅपटॉप घेऊन आला.

"घाबरू नका. इथून फोनमधलं सगळं पुसून टाकता येतं. पासवर्ड सांगा."

"रजिस्टरमध्ये आहे."

"रजिस्टर कुठाय?"

"खणात. खणाला कुलूप आहे."

"किल्ली?"

दिनानाथांनी खणाच्या कुलपाकडे पाहिलं.

"बाबा, किल्ली कुठाय?"

"ते मी लिहून ठेवलंय."

"कुठे?"

"फोनमध्ये."

अभिरामने लॅपटॉप हळूच मिटला. नंतर पुन्हा उघडला आणि 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं. आता तुमच्या फोनवर एक कोड येईल, तो इथे लिहा, अशी सूचना आली. कोड गेला असणार. ज्याच्याकडे फोन होता, त्याच्याकडे गेला असणार. दिनानाथ म्हणाले, "बघ, त्याने अजून वापरला नाही. तो आपली वाट बघतोय."

या सगळ्यात मीनाताई डब्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी एक लाडू उचलला, वास घेतला, फोडून तोंडात टाकला.

"अगं, पुरावा खाऊ नकोस!"

"हा लाडू माझा आहे," मीनाताई म्हणाल्या. "वेलदोडा जरा जास्त झालाय, ते मी सकाळीच म्हटलं होतं. चोराने वेलदोडासुद्धा माझ्याइतकाच जास्त घातला का? तुम्ही साबळ्यांना काय दिलंत?"

"बेसन लाडू. लेबल वाचून दिलंय."

"लेबल कोणी लावलं?"

दिनानाथांनी बिनलेबलाचं झाकण उचलून पाहिलं. दिनानाथांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. फोन चोराकडे नव्हता, व्याह्यांकडे होता, आणि तोही मूळ डब्यात. ते हसलेसुद्धा. मग हळूहळू ते हसू मावळलं.

"अभिराम, फोन बंद असला, म्हणजे लॉक असला, तरी कोणी फोन केला की त्याचं नाव दिसतं का रे?"

"दिसतं की. का?"

"मोनालीला सांग, कोणी माझ्या नंबरवर फोन करू नका."

"का पण?"

नवीन माल दारात आला की काय करायचं हे दिनानाथांना ठाऊक होतं. साबळे मंडळी घराच्या दृष्टीने नवीनच होती. ज्ञानूशेठच्या नंबरला त्यांनी नाव दिलं होतं 'तपासणी बाकी – १'. त्यांच्या पत्नी राहीबाई 'तपासणी बाकी – २'.

"आणि मोनाली?" अभिरामने विचारलं.

"तीन," दिनानाथ म्हणाले. "लग्न झाल्यावर बदलणारच होतो."

अभिराम ओरडला असता तर दिनानाथांना बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. "दोन वर्षं, बाबा," एवढंच म्हणाला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्याच्या पाठीकडे बघताना दिनानाथांना फार वाईट वाटलं. एकतीस वर्षांत काही हरवलं नव्हतं, आणि हरवायची पाळी आली ती मुलाच्या संसारावर.

चार वाजता मीनाताईंचा फोन वाजला. पलीकडे ज्ञानूशेठ होते. फोन दिनानाथांना द्या म्हणाले.

"व्याही, डबा उगडला."

"हो, त्याचं असं झालं ज्ञानूशेठ, की ते लेबल—"

"लेबल बगितलं आमी. भाइरलं बी आन आतलं बी. आमची तपासनी कवा करताय?"

आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मोनालीने अभिरामला एवढंच कळवलं की पप्पा काही सांगत नाहीत, नुसते येरझारा घालतायत. दिनानाथांनी उद्या मागायच्या माफीचे तीन मसुदे केले. मीनाताईंनी देवापुढे दिवा लावला, देव पुसायला उचलले, आणि बाळकृष्णाच्या पाटाखाली त्यांना खणाची किल्ली सापडली. त्या घरात मीनाताईंचा हात दिवसातून दोनदा फिरत नाही अशी एकही जागा नव्हती, हे एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं. दिनानाथ आंघोळीला गेल्यावर त्यांनी खण उघडला, रजिस्टर काढलं आणि चष्मा लावून 'म' अक्षराचं पान वाचलं.

रविवारी बरोबर अकराला बेल वाजली. ज्ञानूशेठ पांढऱ्या शर्टात, राहीबाई जरीच्या लुगड्यात, मागे मोनाली. मोनालीने अभिरामकडे बघून खांदे उडवले. ज्ञानूशेठ सोफ्यावर बसले, डबा टीपॉयवर मधोमध ठेवला आणि पाणीसुद्धा घेतलं नाही.

"ज्ञानूशेठ, मी आधी माफी मागतो," दिनानाथ उभे राहिले. खिशातला मसुदा त्यांना सापडेना.

"बसा. आदी मला बोलू द्या." ज्ञानूशेठनी झाकण उघडलं. हिरवा खण, त्यात फोन. "काल घरी डबा उगडला. खन सोडला, आत फोन, वर लाल टिकली. राही म्हनली, बगा, किती रीतभात हाय, सुनंला फोन दिलाय, त्यो बी खनात गुंडाळून, कुकू लावून."

"मी तर देवाम्होरं ठेवला व्हता," राहीबाई म्हणाल्या.

"मला बी बरं वाटलं. म्हनलं, व्याह्यांचं आभार मानावं. म्हून तुमास्नी फोन लावला. तर तिकडं देवाम्होरचा फोन पेटला. आन त्यावर काय? 'तपासणी बाकी – १'. मी बंद केला. पुन्यांदा लावला. पुन्यांदा त्येच. मग हिनं लावला. तर 'दोन'."

मोनालीने तोंडावर ओढणी धरली. ती हसते आहे की रडते आहे ते अभिरामला कळेना.

"आमच्या कारखान्यात नवीन मालाला..." दिनानाथांनी सुरुवात केली.

"ठावं हाय. पोरीनं काल सांगितलं तुमी कुटं कामाला व्हता त्ये." ज्ञानूशेठ पुढे झुकले. "व्याही, सोयरीक ठरून दोन म्हयनं झालं. तुमी येकदा तरी इचारलं का, घर कुटं, भाऊ किती, पोरीला राग येतो का? काल गाळ्यावर मी सोताहून म्हनलं, इचारा. तर तुमी म्हनला, छे छे. मी राहीला म्हनत व्हतो, ह्या मानसांच्या मनात न्हाई. पोराच्या हट्टापायी गप बसल्यात. नको आसलेल्या मालाला कोन हात लावून बगतंय?"

दिनानाथ मसुदा शोधायला पुन्हा खिसे चाचपू लागले.

"काल त्ये 'तपासणी बाकी' वाचलं आन पयल्यांदा डोस्कं तापलं. मग रातच्याला जेवताना म्हनलं, आरं, म्हंजे मानूस तपासनार हाय! त्याला घ्यायचं हाय, म्हून तपासनार हाय. तीस वर्सं मी बी गोनी फोडल्याबिगर माल घेतला न्हाई." ज्ञानूशेठनी टीपॉयवर थाप मारली. "पन दोन म्हयनं? आमच्या गाळ्यावर दोन म्हयनं माल न बगता पडला तर त्येला कोंब येत्यात! राग आला त्यो त्येचा."

दिनानाथांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "स्वीकृत," ते घाईघाईने म्हणाले. "माझ्याकडून तपासणी झाली. सगळा माल स्वीकृत!"

"आसं चालायचं न्हाई," ज्ञानूशेठ गरजले. "न बगता कसं काय घेता? येत्या आयतवारी आमच्या घरी नावड्याला या. घर बगा, मानसं बगा. तळातनं बगा. मग शिक्का मारा."

"आन तारीख?" राहीबाईंनी विचारलं. "का ती बी तपासनीनंतर? घर काय पळून चाललंय व्हय? पोरं बगा कशी पांडरीफटक पडल्यात. तारीख आजच धरा."

तारीख धरली. मीनाताईंनी चहा आणला, लाडू आणले. ज्ञानूशेठनी पहिलाच लाडू अख्खा तोंडात टाकला आणि वेलदोडा छान आहे म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं.

"व्याही, ह्यो 'नॉन-रिटर्नेबल' कोन हाय वो? बिचाऱ्यानं चवदा डाव फोन केलाय."

दिनानाथांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"ती मी," मीनाताई म्हणाल्या. त्यांनी आतून रजिस्टर आणलं आणि नवऱ्यासमोर ठेवलं. "त्यांच्याकडे एकदा बाहेर पडलेला आणि परत न येणारा माल असतो ना, त्याला म्हणतात."

"अगं, तसं नाही," दिनानाथ गडबडून म्हणाले. "म्हणजे जे परत करायचं नसतं. कोणी कितीही मागितलं तरी. आणि किल्ली कुठे मिळाली तुला?"

"देवाने दिली," मीनाताई म्हणाल्या. "उघडा आता फोन. चालतोय का बघा, नाहीतर देवघरातल्या तेलाने बिघडला असेल."

दिनानाथांनी रजिस्टर बघून एकोणीस अक्षरं टाइप केली. तिसऱ्या प्रयत्नाला फोन उघडला. सगळ्यांच्या समोर त्यांनी ज्ञानूशेठचं नाव बदलून 'व्याही' असं लिहिलं. चोर, हॅकर, टोळी, काय व्हायचं ते होवो. मग फोन नीट लागतो का ते बघायला त्यांनी 'नॉन-रिटर्नेबल'वर बोट ठेवलं.

मीनाताईंचा फोन टीपॉयवर, लाडवांच्या ताटलीशेजारी उताणा पडला होता. तो थरथरत वाजू लागला. गेली दहा वर्षं त्यावर दिनानाथांचं नाव 'अभिरामचे बाबा' असं यायचं. ज्ञानूशेठ सगळ्यांत जवळ होते. डोळे बारीक करून त्यांनी एकेक शब्द मोठ्याने वाचला.

"वापरात... नाही... पण... टाकू नये."

राहीबाईंना ठसका लागला. मोनाली उठून स्वयंपाकघरात पळाली आणि तिच्या मागून अभिराम. ज्ञानूशेठ हसून हसून सोफ्याला टेकले. दिनानाथ फोन कानाला लावून तसेच बसले होते. पलीकडून रिंग जात होती.

"उचल ना," ते म्हणाले.

"थांबा जरा," मीनाताई म्हणाल्या आणि त्यांनी विहीणबाईंच्या ताटलीत आणखी एक लाडू वाढला.